चालीप्रमाणे मात्रा

“खत टाकणार कोण ते आधी सांगा, किती टाकायचं ते मग सांगते.”

आत्या असं म्हणाली तेव्हा समोरचा भोपळेवाला चक्रावला. जमीन किती, माती कसली, मागचं पीक कोणतं, हे सगळं तो परीक्षेला बसल्यासारखं पाठ करून आला होता, आणि प्रश्न आला तो भलताच.

“मीच टाकणार,” तो जरा छाती काढून म्हणाला.

“मग चालून दाखवा.”

आणि तो चालला. भाजी पिकवणाऱ्यांच्या संघाचं ते खताचं गोदाम. पोत्यांच्या दोन भिंतींमध्ये एक बोळ, बोळात अंथरलेली ताडपत्री, आणि तिच्यावरून खत पसरायची ढकलगाडी ढकलत निघालेला भोपळेवाला. गाडीच्या तळाला एक लांब फट असते, तिच्यातून खताचे दाणे भुरुभुरु गळतात. फटीला माणसाशी काही देणंघेणं नसतं. माणूस पळो की रेंगाळो, ती आपल्या वेगानं गळत राहते. म्हणून हळू चालणाऱ्याच्या जमिनीवर खत जास्त पडतं आणि घाईवाल्याच्या जमिनीवर कमी. भोपळेवाला टोकाला पोचल्यावर आत्यानं ताडपत्रीची टोकं गोळा करून पडलेलं खत ताणकाट्याला लटकवलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली, आणि फटीचा स्क्रू पिळला.

“तुमची चाल जड आहे. फट एवढीच ठेवायची. गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलीत तर त्याला आधी माझ्याकडे पाठवा.”

“पण आत्या, भोपळ्याला किती लागतं ते…”

“भोपळ्याचं मला पाठ आहे. भोपळे सगळीकडे सारखेच असतात. माणसं नसतात.”

पाठीवरच्या पंपानं द्रवखत फवारणाऱ्यांचीही सुटका नव्हती. त्यांच्या पंपात ती साधं पाणी भरायला लावी, नळीच्या तोंडाला बरणी बांधी आणि त्यांना बोळातून फिरवून आणी. बरणीत किती साठलं त्यावरून त्यांची मात्रा ठरे. वर त्यांना ठरलेली बोलणी खावी लागत. “कॅनवर नत्राचे टक्के लिहिलेत ते वजनाचे. तुम्ही ओतता मापानं. हे पाणी नव्हे, याचा एक लिटर सव्वा किलोच्याही वर भरतो. लिटरला किलो समजलात तर मिरची पानांनी डोक्यावर जाईल आणि एक फूल धरणार नाही.” कोरड्या खतवाल्यांना वेगळं ऐकावं लागे. “शंभर किलो खतात नत्र सेहेचाळीस किलो. बाकीचे नुसते हमाल, नत्राला उचलून आणणारे. हिशोबात हमालांना जेवायला वाढू नका.”

अशा रीतीनं आसपासचे सगळे भाजीवाले आत्याच्या नजरेखालून चालून गेले होते. गोदामात चेहरा दिसण्याइतका उजेड नसे. छपराजवळच्या झरोक्यातून येणारा उजेड वरच्या थरातल्या पोत्यांवरच संपे, खाली पोचेपर्यंत त्याची धूळ झालेली असे. त्या धुळीत आत्याला लोक गुडघ्यांपासून खाली दिसत, आणि तिला तेवढे पुरत. गाजरवाला घरापासून दूर जाताना एक चाल चाले आणि घराकडे वळल्यावर दुसरी, कारण घरी जेवण असे. त्याच्या गाडीवर आत्यानं फटीच्या दोन खुणा करून दिल्या होत्या, एक ‘जेवलेला’ आणि एक ‘उपाशी’. वांगीवाला बायकोशी भांडला की तरातरा चाले, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या झाडांची पानं पिवळी पडत.

“पुन्हा काय झालं घरात?” एखादं पान चिमटीत धरून आत्या विचारी.

वांगीवाला कपाळाला हात लावी. “तुम्हांला कुणी सांगितलं?”

“तुमच्या वांग्यांनी. त्यांच्या पोटात काही राहत नाही.”

ती नेमकी कुणाची आत्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक भाचा होता म्हणे, लांब कुठेतरी नोकरीला. त्याच्या जिवावर सगळ्या वस्तीनं तिला आत्या करून टाकलं होतं. तिचे वडील याच गोदामात वजनकाट्यावर होते. लहानपणी ती रडायला लागली की ते तिला एका पारड्यात बसवत आणि दुसऱ्या पारड्यात खत ओतत. पारडी समान झाली की पोर गप्प. तिची आई म्हणे, “लोकांच्या पोरांना निजवायला पाळणा लागतो, आमच्या पोरीला पोतं लागतं.” पुढे वडील गेले, काटा बदलला, पोत्यांवरचे शिक्के बदलले. बोळाच्या टोकाला हातांची एक लाकडी खुर्ची आली आणि तिच्यात आत्या बसली, ती बसलीच. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. आत्यानं त्याच्याखाली कधी काही घातलं नाही. ती म्हणे, खुर्ची डुलते म्हणून मी जागी राहते.

तिच्या लग्नाची गोष्ट आतोबा स्वतः सांगत. ते बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. एकदा बँड गोदामावरून चालला होता. ढोलवाला वजनानं मागे पडत होता, तुतारीवाला उत्साहानं पुढे पळत होता, आणि मधल्या रांगेत एक सडपातळ माणूस आजूबाजूला काहीच घडत नसल्यासारखा एका चालीनं चालला होता. आत्या तेव्हा वीस-बावीसची. ती आत जाऊन वडिलांना म्हणाली, “बाबा, मधल्या रांगेतला तो, त्याला ढकलगाडीला लावून बघायचंय मला.”

“अगं, माणूस आहे तो.”

“म्हणूनच.”

बघितलं. ताडपत्रीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकं सारखं खत पडलं होतं की वडिलांना ते पुसायला जिवावर आलं. तरी ते म्हणाले, “घरदार, स्वभाव, खाणंपिणं, काही विचारशील की नाही?”

“चाल बघितली. याचं बाकीचंही काही सांडायचं नाही.”

तेव्हापासून आतोबा हे गोदामाचं अधिकृत माप झाले. नवी गाडी आली की पहिल्यांदा आतोबा चालत आणि मग बाकीची माणसं. बँड सुटला, दात गेले, क्लॅरनेट कपाटावर चढलं, पण चाल राहिली. या चालीचा त्यांना कधीकधी फार कंटाळा येई. जन्मभर सरळ चाललेल्या माणसाच्या आतही एक वाकडा रस्ता असतोच. एकदा ते बाजारातून येताना मुद्दाम तिरके, झोकांड्या खात, मधेच दोन उड्या मारत आले. आत्यानं ते खिडकीतून पाहिलं. आतोबा दारात पोचतात तो तिनं पोटदुखीचं औषध चमच्यात ओतून तयार ठेवलेलं. ते त्यांनी मुकाट्यानं घेतलं. पुन्हा तसला प्रयोग केला नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कोबीचा गड्डा फुटला.

तो गड्डा बगलेत घेऊन कोबीकाका गोदामात आले. कोबीकाका म्हणजे पन्नाशीतले, मऊ आवाजाचे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ते वाक्य सुरू करत आणि बहुधा अर्ध्यात सोडून देत, पुढचं कुणी घरी नेऊन पूर्ण करावं अशा बेतानं. गड्डा मधोमध उकललेला होता.

“हसतोय बघा,” ते म्हणाले. “असे सगळेच… म्हणजे सगळे नाही. कुंपणाकडचा एक पट्टा. बाकीचं शेत अगदी शहाण्यासारखं…”

आत्यानं गड्डा हातात घेऊन दाबला. “जेवण जास्त झालंय याला. नत्र जास्त झालं की हा आतून भरत जातो, आणि कातडं पुरलं नाही की फुटतो. फट कुणी हलवली?”

“कुणीच नाही. तुम्ही लावून दिलीत तिथेच…”

“गाडी दुसऱ्या कुणाला दिलीत?”

“माझ्याकडे दुसरं आहे कोण?”

आत्यानं त्यांना बोळातून चालवलं. मात्रा बरोबर. उलटं चालवलं, बरोबर. सगळं गणित पहिल्यापासून मांडलं, तेही बरोबर. कोबीकाका फुटका गड्डा घेऊन परत गेले. पुढच्या लावणीत पुन्हा तोच पट्टा, कुंपणाला चिकटून, गडद हिरवा, आणि त्यात पुन्हा तेच हसरे गड्डे. घाऊक व्यापारी एका पेटीत एका मापाचेच गड्डे घेई. फुटक्यांकडे तो बघतही नसे.

गोष्ट पसरली, आणि ती पसरवायला पातळभाऊ होताच. पातळभाऊ अंगानं चांगला भरलेला होता, पण द्रवखत विकत असल्यामुळे त्याचं हे नाव पडलं होतं. त्याच्या कॅनवर एक छापील तक्ता चिकटवलेला असे. एका पंपाला एक झाकण, पीक कुठलंही, माणूस कुठलाही. “लंगडा असो की पळपुटा,” तो कॅनवर बसून सांगे, “एक झाकण. चालायची भानगड नाही, ताडपत्री नाही, ताणकाटा नाही. आत्या मोठ्या आहेत, मी त्यांना मानतो. पण गड्डे फुटतायत, हे कोबीच सांगतेय, मी नाही.”

“भाऊ,” आत्या म्हणाली, “ज्या कॅनवर बसलायस त्याचं बूच सैल आहे.”

पातळभाऊ उठला तेव्हा त्याच्या पँटीला नत्राची मात्रा भरपूर झालेली होती. पण बोलणं बंद झालं नाही.

शेवटी ते संघाच्या अध्यक्षांपर्यंत गेलं. अध्यक्ष मुळ्याचं पीक घेत, आणि सभा त्यांचा जीव की प्राण. सभेच्या टेबलाला त्यांनी सायकलची घंटी बसवून घेतली होती आणि प्रत्येक मुद्द्यानंतर ती ते वाजवत. त्यांनी ठरवलं की येत्या सभेत आत्यांनी सर्वांसमोर कोबीच्या पट्ट्याचं कारण सांगावं. कारण सांगता आलं तर उत्तम. नाही आलं तर बोळातली खुर्ची काढायची आणि तिथे पातळभाऊचा तक्ता टांगायचा.

“म्हणजे मला काढायचं,” आत्या म्हणाली.

“खुर्ची काढायची,” अध्यक्ष म्हणाले. “तुम्हांला कोण काढतंय?” आणि त्यांनी घंटी वाजवली.

आयुष्यात पहिल्यांदाच आत्या स्वतः उठून शेतावर गेली. तोवर शेतंच तिच्याकडे येत होती. सकाळची वेळ होती. कोबीकाकांच्या खोपीच्या आडोशाला एक उलटी पाटी टाकून ती बसली आणि बघत राहिली. काका गाडी घेऊन निघाले. पहिली ओळ ठीक, दुसरी ठीक. चाल गोदामातल्यासारखीच, तंतोतंत. मग ते कुंपणाच्या बाजूला वळले.

कुंपणापलीकडे कांदेकाकूंचं शेत होतं. कांदेकाकू ही ठसठशीत आवाजाची, नवरा वारल्यावर एकटीनं कांदे पिकवणारी बाई. सगळे तिला कांदेकाकू म्हणत आणि यांना कोबीकाका, तरी एवढ्या वर्षांत त्या काका-काकूंना एका वाक्यात आणायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती पाठीवर पंप घेऊन कुंपणालगतच्या ओळीत फवारत होती.

काकांची पावलं मंद झाली. ते थांबले नाहीत. थांबले असते तर त्यांनी फट बंद केली असती, इतके ते शिस्तीचे होते. ते चालतच होते, पण तिथली जमीन झोपलेली आहे आणि तिला उठवायचं नाही, असं चालत होते. पलीकडे काकूंची पावलंही तशीच झाली. पंप पिचपिचत राहिला, गाडी गळत राहिली.

“काय म्हणताय?” काका म्हणाले.

“काही नाही. तुमचं?”

“आमचं काय असणार?”

“हं.”

“ऊन आहे.”

“आहे की.”

पाटीवर बसलेल्या आत्याला घाम फुटला. एवढ्या संभाषणाला एवढी जमीन लागली होती! काका पट्ट्यातून बाहेर पडले आणि पुन्हा आपल्या नेहमीच्या चालीला लागले.

ते लांब गेल्यावर आत्या कुंपणाशी गेली आणि वाकून पलीकडे बघितलं. तिथे कांद्यांच्या माना पहिलवानांसारख्या जाड झालेल्या. कांद्याला नत्र जास्त झालं की मान जाड होते, ती वाळत नाही, आणि असा कांदा साठवला की सडतो. पट्टा तेवढाच लांब, समोरासमोर, आरशात बघितल्यासारखा.

“काकू, हे असे का झालेत?”

“कोण जाणे!” कांदेकाकू म्हणाली. “तुमच्या मापानंच फवारते हो. इथली जमीनच जरा उतावळी आहे.”

“जमीन?”

“मग काय मी?”

आत्यानं तिच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर लपवाछपवी नावाला नव्हती. “नाही, जमीनच असेल,” आत्या म्हणाली.

घरी आल्यावर तिनं आतोबांना सगळं सांगितलं. आतोबा शेंगा सोलत होते, ते सोलायचे थांबले.

“मग सुटलीस की! सभेत सांग, काका काकूंकडे बघत रेंगाळतात. दोन मिनिटांचं काम. खुर्ची राहिली.”

“आणि त्यांचं काय?”

“त्यांचं काय? चांगलंच आहे.”

“अहो, त्यांना अजून माहीत नाही. कोबीला माहीत आहे, कांद्याला माहीत आहे, त्या दोघांना नाही. भरसभेत वांगीवाला शिट्टी वाजवेल, अध्यक्ष घंटी वाजवतील. ते काका दुसऱ्या दिवसापासून कुंपणाच्या बाजूला फिरकायचे नाहीत. लाजेनं मरतील. आणि ती बाई रागानं भिंत घालेल तिथे.”

“मग गड्डे फुटायचे थांबतील.”

“हो ना,” आत्या म्हणाली. “एकसारखे होतील सगळे. अगदी तुमच्यासारखे.”

आतोबांनी एक शेंग तोंडात टाकली. त्यांना बोलणं लागलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. त्यांची चावण्याची गतीही सदैव सारखीच असे.

आत्यानं एक आडवळण करून बघितलं. काकांना गोदामात बोलावून म्हणाली, “काका, यापुढे खत दुपारी टाका.”

“दुपारी? दुपारी कोण असतं तिथे?”

“कोण असायला हवं?”

“नाही, म्हणजे… पाखरं वगैरे.”

“बरं, मग उलट्या टोकानं सुरुवात करा. कुंपणाकडे पोचेपर्यंत उशीर होईल.”

“मग तर चुकामूक…” काका म्हणाले आणि वाक्य सोडून स्वतःच गोंधळले. “म्हणजे, उन्हाची हो.”

आत्यानं नाद सोडला. सभेच्या दिवशी तिनं ताणकाटा पुसला, ताडपत्री झटकली, आणि खुर्चीत बसली.

सभा गोदामातच भरली. पोत्यांवर, कॅनवर, उलट्या पाट्यांवर माणसं. टेबलामागे अध्यक्ष. पातळभाऊनं आपला तक्ता मोठा करून आणला होता आणि तो टांगायला खिळाही आणला होता. आधी आतोबांना चालवण्यात आलं. ताडपत्रीवरचा थर बघून माणसांनी माना डोलावल्या. मग कोबीकाका चालले. तोही थर तसाच, एका जाडीचा.

“इथे बरोबर आणि शेतात चूक,” अध्यक्ष म्हणाले. “हे कसं? आत्या, तुम्ही शेत बघून आलात. कारण कळलं का?”

“कळलं.”

“मग सांगा.”

“सांगणार नाही.”

घंटी वाजवायला उचललेला अध्यक्षांचा अंगठा हवेत राहिला.

“सांगणार नाही म्हणजे?”

“म्हणजे माहीत आहे, पण सांगणार नाही. माझं गणित बरोबर आहे. एवढंच.”

“वा!” पातळभाऊ उभा राहिला. “असं तर मीही म्हणेन. मला सगळं माहीत आहे, पण सांगणार नाही!”

“तुला काही माहीत असतं तर तू सांगितल्याशिवाय राहिला असतास का?” वांगीवाला म्हणाला, आणि माणसं हसली. पण हसून झाल्यावर ती गप्प झाली, आणि ते गप्प होणं आत्याच्या बाजूचं नव्हतं. कारण माहीत असून न सांगणाऱ्या माणसावर राग येतो, आणि हा राग आला की जुनी माया पाटीखाली झाकून ठेवता येते. अध्यक्षांनी विचारलं, खुर्ची काढावी असं कुणाकुणाला वाटतं? एक हात वर झाला, मग दोन, मग गाजरवाल्याचा, ज्याला त्या वेळी भूक लागलेली होती. आत्या खुर्चीत बसून होती. खुर्ची डुलली नाही.

“थांबा, थांबा!” कोबीकाका मधे आले. त्यांचा आवाज चिरकला. “आत्यांची काही चूक नाही. मी पुन्हा चालतो. दहादा चालवा मला. माझी चाल… मी काय दारू पितो? माझ्या चालीत इथूनतिथून काही फरक…”

“काका, बसा,” आत्या पहिल्यांदाच घाईघाईनं म्हणाली. “नका चालू.”

“नाही, चालणारच!”

आणि त्यांनी गाडी काठोकाठ भरली, फट उघडली आणि ते निघाले. चाल अशी की आतोबांनीही मान डोलावली. भुरुभुरु थर पडत होता, वीतभर इकडे नाही, तिकडे नाही. काका बोळाच्या मध्यावर आले, आणि बोळाचं बाजूचं दार उघडलं.

“उशीर झाला हो,” दारातून कांदेकाकू म्हणाली. “पंप धुवत होते.” तिच्या पाठीवर पंप होता, धुतल्यावर उरलेलं पाणी त्यात तसंच, आणि हातात नळी.

काकांची पावलं मंद झाली. एक पाऊल पडलं. बऱ्याच वेळानं दुसरं पडलं. तिसरं पडायचं होतं ते राहून गेलं. गाडीला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती गळत राहिली. खत एकाच जागी पडतं तेव्हा त्याचा वेगळा आवाज येतो, कुणी कानात साखर ओतत असल्यासारखा. सगळे तो ऐकत बसले. आधी एक ढेकूळ झालं, मग वारूळ, मग चांगला गुडघ्याएवढा ढीग. गाडी रिकामी झाली तरी काका दांडी धरून उभे.

“काय म्हणताय?” ते म्हणाले.

“काही नाही,” कांदेकाकू म्हणाली. “सभा चालू आहे ना?”

“आहे की.”

मग वांगीवाला ढिगाकडे बोट करत पोत्यावरून जवळजवळ घसरलाच. “अरे! हाच तो पट्टा!”

“कसला पट्टा?” कांदेकाकू म्हणाली. “आणि माझ्याकडे काय बघताय सगळे? मी काय केलंय?”

सगळे खाली बघत होते म्हणून तिनंही खाली बघितलं. नळीची खटकी तिच्या मुठीत घट्ट आवळलेली होती, केव्हापासून कोण जाणे, आणि तिच्या पायाशी एक तळं झालं होतं. तळ्यातून पाण्याची एक धार निघाली होती, ताडपत्रीच्या सुरकुतीतून हळूहळू सरकत ती ढिगाच्या बुडाला लागली, आणि ढिगाची एक कड मुकाट्यानं विरघळून खाली बसली.

कांदेकाकूनं तळ्याकडे बघितलं. ढिगाकडे बघितलं. मग कोबीकाकांकडे बघितलं. दारातून आलेल्या उजेडात काका कानापर्यंत लाल दिसत होते, पण पळाले नाहीत.

“अगं बाई!” ती म्हणाली, ठसठशीत आवाजात, जणू तिला एखादी साधी बेरीज आत्ताच जमली होती. “म्हणून होय माझे कांदे!”

मग मात्र गोदाम फुटलं. हसण्यानं वरच्या थरातली धूळ खाली आली. वांगीवाल्यानं शिट्टी वाजवलीच. अध्यक्ष घंटी वाजवत सुटले, लोकांना गप्प करायला की त्यांना साथ द्यायला हे त्यांचं त्यांनाही कळेना. वर झालेले हात केव्हाच खाली आले होते. गाजरवाला आपला हात पाठीमागे लपवून उभा होता. पातळभाऊ तक्ता गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “बघा, द्रवानंच काम केलं शेवटी.” त्याचंही कुणी मनावर घेतलं नाही. कांदेकाकू कोबीकाकांना म्हणत होती, “अहो, त्या दांडीला काय धरून बसलाय? फावडं आणा, हे भरायला नको का?” आणि काका “हो, आणतो, कुठे…” म्हणत तिथेच उभे होते.

“शांत व्हा!” अध्यक्ष डोळे पुसत ओरडले. “आत्या, खुर्ची तुमचीच. यात प्रश्नच नाही. पण आता एवढं सांगा.” त्यांनी ढीग आणि तळं दोन्हींकडे बोट केलं. “हे कोरड्यात धरायचं की द्रवात? आणि याची मात्रा किती झाली?”

सगळ्यांनी हसू तोंडात धरलं. आतोबाही मान उंचावून बघू लागले.

आत्या उठली. ढिगाला वळसा घातला, पदर सावरून तळं ओलांडलं, काका आणि काकू यांच्या मधून वाट होती ती सोडून पोत्यांच्या कडेकडेनं दारापर्यंत गेली, आणि काहीही न मोजता बाहेर पडली.